संख्या, अंक आणि क्रमांक: संगणकीय लेखनाच्या एका मर्यादेची चिकित्सा

संगणकाच्या व्यवहारात फार मोठ्या संख्या हाताळताना जी अडचण वारंवार उपस्थित होते, तिचा विचार आजवर बहुधा यंत्राच्या अंगाने झाला आहे. यंत्राची स्मृती मर्यादित, म्हणून त्यातील संख्याही मर्यादित, असे एक सुटसुटीत उत्तर दिले जाते आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाचे एक कारण आपण या विषयात योजीत असलेल्या शब्दांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने गणितयंत्राच्या प्रांतात पाऊल टाकावे हे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. परंतु येथे प्रश्न संख्येचा नसून संख्येच्या लेखनाचा आहे, आणि लेखन हा आमचा विषय होय.

ज्या प्रसंगाने मी या विचाराकडे वळलो तो प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेत शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची यादी संगणकावर तयार झाली. यादीत नावे होती, गावे होती आणि प्रत्येकाचा बँकेतील खाते क्रमांक होता. पुष्कळांचे खाते क्रमांक सोळा अंकी होते. यादी वर गेली आणि बऱ्याच मुलांचे पैसे आले नाहीत. चौकशी करता असे दिसले की, सोळा अंकी क्रमांकांपैकी प्रत्येकाचा शेवटचा अंक शून्य झाला होता. यादी टंकणाऱ्या लिपिकास निष्काळजीपणाबद्दल लेखी खुलासा मागण्यात आला. त्याने पासबुकांच्या प्रती समोर ठेवून शपथेवर सांगितले की, आपण अंक बरोबर टंकले होते. त्याचे म्हणणे खरे होते. हिशेबपत्रकाच्या ज्या प्रणालीत यादी केली, तिने त्या सोळा अंकांना ‘संख्या’ मानले. आणि संख्येचे पंधराच सार्थ अंक ती जपत असल्यामुळे सोळाव्याच्या जागी तिने शून्य ठेवले. ज्यांच्या क्रमांकाच्या आरंभी शून्य होते त्यांचे ते शून्यही नाहीसे झाले, कारण संख्येच्या डावीकडील शून्याला अर्थ नसतो.

आता हा दोष कोणाचा? लिपिकाचा खचित नव्हे. यंत्राचाही म्हणता येत नाही. त्याला जे सांगितले गेले ते त्याने केले. माझ्या मते दोषाचे मूळ एका शब्दाच्या अर्थव्याप्तीत आहे. इंग्रजीतील ‘नंबर’ या एकाच शब्दात तीन निरनिराळ्या वस्तू कोंबलेल्या आहेत: जिची बेरीज-वजाबाकी होते ती संख्या, ती लिहिण्यास वापरलेले चिन्ह, आणि एखाद्या व्यक्तीस वा वस्तूस ओळखण्यासाठी दिलेली खूण. मराठीत या तिहींना तीन शब्द आहेत. पहिली संख्या, दुसरा अंक, तिसरा क्रमांक. दोन खाते क्रमांकांची बेरीज कोणी करीत नाही. घराच्या क्रमांकाची सरासरी काढणाऱ्यास लोक हसतील. क्रमांक हे अंकांनी लिहिलेले नाव आहे. नावातील एक अक्षर गळले तर नाव ‘जवळजवळ बरोबर’ राहत नाही, ते दुसऱ्याचेच होते. संख्येचे तसे नाही. सोळा अंकी संख्येतील अखेरचा अंक गेला तर तिच्या मानाने नऊ-दहा कोट्यंशांच्या कोट्यंशाइतकाही फरक पडत नाही.

आज्ञावली लिहिणाऱ्यांत एक नियम रूढ आहे: ज्यावर गणित करावयाचे नाही ते मजकूर म्हणून साठवावे. हा नियम ठेचा खाऊन सापडला आहे. मराठी कोशात मात्र तो आधीपासून आहे, आणि तरीही आपण ‘खाते क्रमांक’ हा शब्द टाकून ‘अकाउंट नंबर’ म्हणू लागलो आहोत. परकीय शब्द आला याचे मला दुःख नाही. शब्दाबरोबर भेद बुजला याचे आहे. अर्थात शब्द हाती असला म्हणजे मनुष्य चुकत नाही असा याचा अर्थ नव्हे. वरील यादीच्या रकान्यावर शीर्षक स्वच्छ मराठीत ‘खाते क्रमांक’ असेच होते.

पंधरा अंकांची ही मर्यादा आली कोठून, हे पाहण्यासाठी संगणकीय अपूर्णांकांच्या प्रचलित लेखनपद्धतीकडे वळले पाहिजे. या पद्धतीचे प्रमाणीकरण १९८५ मध्ये झाले. तीत संख्या दोन भागांत लिहितात: एक तिचे सार्थ अंक आणि दुसरा तिची पट, म्हणजे बिंदू कोठे समजावयाचा ते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत हिला ‘तरंगता बिंदू’ म्हटलेले आढळते. हे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केलेले आहे आणि त्यातून काहीही बोध होत नाही. पाण्याचा येथे संबंध नाही. ‘चलबिंदू’ हा शब्द बरा. पण त्याहून बरे म्हणजे विद्यार्थ्यास वर्तमानपत्र उघडावयास सांगावे. अर्थसंकल्पाच्या बातमीत ‘साडेसात लाख कोटी’ असे छापतात. ‘साडेसात’ हे सार्थ अंक, ‘लाख कोटी’ ही पट. या रकमेत पाचशे रुपये मिळविले तर बातमी बदलत नाही. ती बदलू शकतच नाही, कारण त्या लेखनात पाचशे रुपयांना जागाच नाही. चलबिंदूचे सर्व सामर्थ्य आणि सर्व दौर्बल्य या एका उदाहरणात आले.

यंत्रात सार्थ अंकांसाठी त्रेपन्न द्विमान स्थाने मिळतात. त्यामुळे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येपर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका लिहिता येतो. तिच्यात एक मिळविला तर उत्तर तेच राहते. मोंढ्यातील मालमोटारींच्या वजनकाट्यावर सरकी भरलेली गाडी उभी असता तिच्यात कोणी अंगठी टाकली तर काटा हलत नाही, तद्वत्. अंगठीला वजन नाही असे नव्हे. त्या काट्याच्या खुणांत ते मावत नाही एवढेच.

ही मर्यादा आपल्या जुन्या स्थाननामांशी ताडून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यास, एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, आणि ही नावे पूर्वजांनी व्यवहारासाठी केली असे तेथे म्हटले आहे. ‘व्यवहारासाठी’ हे महत्त्वाचे. नावे संपतात म्हणून संख्या संपते असे तेथे कोणी म्हटलेले नाही. या यादीत दहाच्या पंधराव्या घातास ‘अंत्य’ असे नाव आहे, आणि वर दिलेली संख्या बरोबर नऊ अंत्य व काही महापद्मे इतकी भरते. हा केवळ योगायोग होय. त्यातून पूर्वजांना संगणक ठाऊक असल्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी कृपया प्रस्तुत लेखकास साक्षीदार करू नये. मात्र एक गोष्ट उपयोगाची आहे. चौसष्ट स्थानांत पूर्णांक लिहिण्याची जी दुसरी पद्धत आहे तिची वरची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ आहे. म्हणजे लीलावतीच्या अठरा स्थानांत मांडता येणारी कोणतीही संख्या त्या पद्धतीत नेमकी बसते, पण चलबिंदूत ती बसेलच असे नाही. दोन्हींत जागा तेवढीच, चौसष्ट बिटांची. फरक केवळ लेखनाच्या रीतीचा.

जाता जाता हेही नमूद करावे की, या नावांबाबत आपला आजचा व्यवहार फार ढिसाळ झाला आहे. अर्बुद, अयुत, प्रयुत ही नावे मराठीने टाकून दिली, ते एक वेळ क्षम्य. पण हिंदीतील ‘खरब’ म्हणजे शंभर अब्ज आणि आपला ‘खर्व’ म्हणजे दहा अब्ज हे ध्यानात न ठेवता एकाचे दुसऱ्यात भाषांतर करणारे दहापटीने चुकतात.

मोठ्या संख्यांइतकीच, किंबहुना अधिक घातक अडचण लहान अपूर्णांकांची आहे. एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज यंत्रास विचारली असता कित्येक भाषांत ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते. विद्यार्थी येथे चकित होतो आणि यंत्र चुकले असे समजतो. वस्तुतः द्विमान लेखनात एक दशांश हा अपूर्णांक कधीच संपत नाही, जसा दशमान लेखनात एक तृतीयांश संपत नाही. तो कोठेतरी तोडावा लागतो. कोणता अपूर्णांक संपेल आणि कोणता नाही हे लेखनाचा पाया ठरवितो, अपूर्णांक नव्हे.

याचा प्रत्यय आमच्या भागातील जुन्या पिढीला नाण्यांच्या व्यवहारात आलेला होता. जालना त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथे हाली शिक्का चालत असे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास लोक कलदार म्हणत. दोहोंतही सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. सहा कलदार म्हणजे सात हाली, अशा दराने शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. ही रक्कम नेमकी आहे, तीत लवमात्र तूट नाही. तिची तिप्पट करून पाहावी: आठ पै त्रिक चोवीस पै, म्हणजे दोन आणे हातचे, दहा आणे त्रिक तीस आणि दोन बत्तीस आणे, म्हणजे दोन रुपये हातचे, ११६ त्रिक ३४८ आणि दोन ३५०. तीनशे कलदारांस साडेतीनशे हाली, हिशेब चोख. आता हेच दशमान पैशांत करावे. शंभरास ११६.६६६… येतात, ते ११६.६७ असे तोडून तिप्पट केली तर ३५०.०१ होतात. एक पैसा कोठून तरी उपजला. रुपयाचे १९२ भाग केले असता त्यांना तिहींनी भाग जातो, शंभर भाग केले असता जात नाही, एवढेच त्याचे कारण.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि हिशेब सोपा झाला, यात शंका नाही. पण संगणकाच्या दृष्टीने पाहू गेले असता एक मौज दिसते. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, जुना पैसा म्हणजे चौसष्टावा. हे दोन्ही अपूर्णांक द्विमान लेखनात पूर्ण संपतात. पावकी, निमकी, पाउणकी पाठ करणाऱ्या मुलाचे सर्व अपूर्णांक यंत्रास नेमके लिहिता आले असते. पै मात्र नाही, तीतील तीनामुळे. आणि आजचा शंभरावा भाग असलेला पैसाही नाही. म्हणूनच पैशाचा हिशेब करणाऱ्या आज्ञावलीत रुपयाचे अपूर्णांक न ठेवता सर्व रक्कम पैशांच्या पूर्णांकांत ठेवावी, किंवा खास दशमान पद्धती वापरावी, असे जाणकार सांगतात. जुने सावकार रोकड पैंत मोजून मग रुपये करीत तेव्हा ते याहून निराळे काही करीत नव्हते.

तोडलेला अपूर्णांक निरुपद्रवी वाटतो, पण तो साचत जातो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि अठ्ठावीस सैनिक मरण पावले. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे, आणि तो दशांश चोवीस द्विमान स्थानांत तोडून लिहिलेला होता. शंभर तास अखंड चालल्यावर तिचा काळ सुमारे ०.३४ सेकंदाने चुकला. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते.

येथे आपल्या परिभाषेतील एका मोठ्या उणिवेकडे लक्ष वेधावयाचे आहे. ‘अ‍ॅक्युरसी’ आणि ‘प्रिसिजन’ या दोहोंनाही मराठी लेखक सर्रास ‘अचूकता’ म्हणतात. पहिल्याचा संबंध सत्याशी आहे, दुसऱ्याचा खुणांच्या बारकाईशी. ‘अचूक’ या शब्दात ‘चूक’ आहे, म्हणून तो पहिल्यासच राखून ठेवावा. दुसऱ्यास ‘सूक्ष्मता’ म्हणावे. सतरा दशांश स्थळांपर्यंत छापलेले वरचे उत्तर फार सूक्ष्म आहे आणि अचूक नाही. सोनाराचा काटा पासंग बिघडला असता गुंजेचा भाग दाखवील आणि तरी फसवील. उलट, सरळ असलेला मालमोटारीचा काटा अचूक असतो, सूक्ष्म नसतो. ज्या विद्यार्थ्यापाशी एकच शब्द आहे त्याला हा भेद समजाविताना अर्धा तास जातो, असा माझा अनुभव आहे. ज्याच्यापाशी दोन आहेत तो उदाहरणाआधीच मान डोलावतो.

काही विद्वान ‘परिशुद्धता’ सुचवितात. शुद्ध-अशुद्ध हा पुन्हा खऱ्या-खोट्याचाच भेद झाला. त्याने गोंधळ कायम राहून संस्कृत तेवढे वाढते.

लेखनात झीज होणार हे गृहीत धरून आधीच जागा राखण्याची युक्ती मात्र जुनी आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे पुढे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, असा अत्यंत व्यवहारी उपदेश आहे. संगणकातील चलबिंदू गणितात नेमकी हीच योजना असते: मधल्या पायरीवर उत्तराच्या उजवीकडे एक-दोन अंक अधिक ठेवतात, झीज त्यांची होते आणि खरे अंक वाचतात. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या ३६० मालिकेत दुहेरी सूक्ष्मतेच्या गणितासाठी असा राखीव अंक ठेवलेला नव्हता. त्याचे परिणाम ध्यानात आल्यावर तो मागाहून, आधी विकलेल्या यंत्रांतही, बसवावा लागला. या अंकांना मराठीत ‘समासाचे अंक’ म्हणावे असे मला वाटते. पानाच्या कडेस आपण समास म्हणतोच.

मर्यादाच नको असेल तर काय करावे? तर शाळेतील पाटीवर जे करतो ते. संख्येचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या घरात ठेवावा आणि बेरीज करताना हातचा पुढच्या घरात न्यावा. पायथन या भाषेत पूर्णांक असेच ठेवतात. तिच्या नेहमीच्या रूपात एका घरात १,०७,३७,४१,८२३ पर्यंतचा तुकडा मावतो आणि घरे हवी तितकी वाढविता येतात. लक्षात घेण्याजोगे हे की, सर्वांत लहान तुकडा प्रथम असतो. मराठी माणसास याचे नवल वाटू नये. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी आणि वीस मागाहून म्हणतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. ‘एकशे पंचवीस’ म्हणताना तर शंभर, पाच, वीस असा वाकडा क्रम घेतो आणि आपल्याला तो वाकडा वाटतही नाही.

अशा रीतीने संख्या स्मृती पुरेल तेथवर वाढू शकते. पण लेखनाने येथेही आपला कर वसूल केलाच. द्विमान घरांतील प्रचंड संख्या दशमान अंकांत छापण्यास फार वेळ लागतो, आणि मुद्दाम अशी संख्या पाठवून दुसऱ्याचे यंत्र अडवून ठेवता येते, असे दिसून आल्यावर २०२२ मध्ये पायथनमध्ये या रूपांतरावर ४३०० अंकांची मर्यादा घालण्यात आली. संख्येवर मर्यादा नाही, गणितावर नाही. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेण्यावर आहे. या लेखातील प्रतिपादनास याहून चांगला पुरावा मला सापडला नसता.

‘ओव्हरफ्लो’ या संज्ञेबद्दल दोन शब्द. ‘उतू जाणे’ हा पर्याय वर्गात चटकन सुचतो आणि दुधाची आठवण देऊन लोकप्रियही होतो. परंतु दूध उतू गेलेले दिसते, वासही येतो. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ नंतर एक मिळविला असता अनेक भाषांत उत्तर एकदम ऋण होते आणि आज्ञावली काही घडलेच नाही अशी पुढे चालते. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी ज्या यंत्रांची घड्याळे याच मापाची आहेत, ती १९ जानेवारी २०३८ रोजी अशीच मागे उलटतील. हे उतू जाणे नव्हे. मोटारीचा मैल मोजणारा डबा पूर्ण फिरून पुन्हा आरंभास येतो तसे हे ‘फिरून येणे’ आहे. उलट, ४ जून १९९६ रोजी एरियान-५ या अग्निबाणाच्या यंत्रणेत चौसष्ट बिटांची चलबिंदू संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात घालण्याचा प्रयत्न झाला, ती मावली नाही, यंत्रणा थांबली आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत अग्निबाण नष्ट झाला. तेथे ‘न मावणे’ हाच शब्द योग्य. इंग्रजीने दोन्ही घटनांना एकच नाव दिले आहे. आपण तसे करण्याचे कारण नाही.

यादीच्या त्या प्रकरणाचे पुढे असे झाले की, सर्व क्रमांक पासबुकांवरून पुन्हा टंकावे लागले आणि मुलांचे पैसे दीड-दोन महिन्यांनी मिळाले. लिपिकाचा खुलासा दप्तरी दाखल झाला. तो मान्य झाल्याचे त्यास कोणी लेखी कळविले नाही. त्याने स्वतःच्या शोधाने एक उपाय मात्र काढला. क्रमांक टंकण्यापूर्वी तो आता एक उलटे स्वल्पविरामासारखे चिन्ह टंकतो. हे चिन्ह पडद्यावरील घरात दिसत नाही आणि छापलेही जात नाही. पुढे येणारे अंक हे मजकूर आहेत, संख्या नव्हेत, एवढेच ते यंत्रास सांगते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस याची ओळख पटावी. प्राचीन सुमेरी कीलक लिपीत शब्दाआधी अशी चिन्हे लिहीत, ज्यांचा उच्चार होत नसे. पुढील शब्द देवतेचे नाव आहे, लाकडी वस्तूचे आहे की नगराचे, हे ती वाचकास सांगत. आम्ही त्यांना निर्धारक म्हणतो. जालन्यातील एका कचेरीत हे निर्धारक आज रोज शेकडो वेळा टंकले जाते, आणि टंकणाऱ्यास त्याचे नाव ठाऊक नाही.